चक्रवाक: हे नाव कसं वाचावं, कुठे वापरावं

आमच्याकडे नेवाशात ज्ञानेश्वरीचं पारायण सोळाव्या अध्यायाला पोचलं की कुणीतरी पोथीतून मान वर करून विचारतंच, "बाई, चक्रवाक म्हणजे चकोरच ना?"

नाही. आणि चातकही नाही. हे तिन्ही पक्षी आधी वेगळे करून ठेवा. चकोराची ओढ चांदण्याची, चातकाची पावसाच्या थेंबाची आणि चक्रवाकाची सूर्याची. रात्र पडली की चक्रवाक नर-मादीची ताटातूट होते, दोघं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारत राहतात आणि उजाडलं की भेटतात, असा जुना कविसंकेत आहे.

म्हणून हे नाव दिसलं की आधी त्या ओळीतली वेळ बघायची. संध्याकाळ असेल तर विरह येणार. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात पडद्याआडून आवाज येतो: चक्रवाकवधू, जोडीदाराचा निरोप घे, रात्र आली. नाव पक्षिणीचं, इशारा मात्र शकुंतलेला. आश्रमातली वडीलधारी गौतमी येते आहे, दुष्यंताला जाऊ दे.

पहाट असेल तर मीलन. सोळाव्याच्या आरंभी ज्ञानदेव सद्गुरूला सूर्य मानून वंदन करतात. तिथे भेदाची नदी आहे आणि तिच्या दोन्ही थडींवर विरहाने वेडावलेलं, आरडणारं जोडपं आहे. ते कोण? बुद्धी आणि बोध. इतर कवी तिथे प्रियकर-प्रेयसी बसवतात. ज्ञानदेवांनी माणसाची समज आणि तिला हवं असलेलं ज्ञान यांनाच दोन काठांवर उभं केलं. सूर्य उगवतो, नदी उरत नाही आणि त्या दोघांना सामरस्य, म्हणजे एकरूपता लाभते. ही ओवी घाईने वाचू नका. चक्रवाक माहीत नसेल तर ती नुसती शब्दांची रास वाटते, माहीत असेल तर डोळ्यांत पाणी येतं.

अमरकोशात याच पक्ष्याला कोक, चक्र आणि रथांगही म्हटलंय. म्हणून 'कोकबंधू' वाचलं की सूर्य समजावा आणि 'रथांगमिथुन' म्हणजे चक्रवाकाची जोडी. 'रथांगपाणी' मात्र विष्णू, कारण तिथे रथांग म्हणजे हातातलं चक्र. पंडिती काव्यात स्त्रीच्या स्तनांनाही या जोडीची उपमा मिळते, तिथे विरह शोधत बसू नये. हिंदीतलं 'चकवा-चकवी' मराठीत जसंच्या तसं आणू नका, आपल्याकडे चकवा रानात वाट चुकवतो. छापताना 'चक्रवात' होत नाही ना, तेही बघा. ते वादळ.

आता पक्षी. नेवाशाजवळ प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते, तिथून पुढे नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा फुगवटा. हिवाळ्यात तिथे, तसेच नांदूर मध्यमेश्वर आणि भिगवणला चक्रवाक येतात. पक्षिमित्र त्यांना ब्राह्मणी बदकही म्हणतात. लडाख, तिबेट, मध्य आशियात वीण करून ते खाली उतरतात. अंग नारिंगी-तांबूस, डोकं फिकट, शेपटी काळी. विणीच्या दिवसांत नराच्या गळ्यात बारीक काळी रेघ असते, मादीचा चेहरा जास्त पांढरट. खरी ओळख उडताना पटते. बसलेला असताना तांबूस दिसणारा पक्षी पंख उघडतो आणि एकदम पांढरा-काळा होतो. दुर्बीण लावा, एक दिसला की दुसरा आसपास शोधा. बहुतेक वेळा सापडतोच.

हे पक्षी रात्रीही चरतात आणि त्यांचा भसाडा, नाकातला आवाज अंधारात पाण्यावरून लांबवर येतो. माझ्या मते कविसंकेताचं मूळ इथेच असावं. काठावरच्या माणसाला हाका ऐकू येत होत्या, जोडी दिसत नव्हती.

स्वतः लिहिताना? पक्ष्यांच्या नोंदीत चक्रवाक सरळ लिहा. कवितेत, भाषणात वापरायचा तर जोडीनेच वापरा: चक्रवाक-चक्रवाकी, चक्रवाकाचं जोडपं, चक्रवाकमिथुन. एकट्या झुरणाऱ्या माणसाला चक्रवाक म्हणायचं तर दुसऱ्या काठावर कोण आहे हे ओळीत कळलं पाहिजे, जसं मेघदूतातला यक्ष दूर राहिलेल्या पत्नीला एकटी चक्रवाकी म्हणतो तेव्हा कळतं. आणि हे नाव विरहापुरतं ठेवू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. अथर्ववेदातल्या विवाहसूक्तात इंद्राला विनवलंय की या दोघांना चक्रवाक दंपतीसारखं एकत्र आण. तिथे ताटातुटीचा मागमूस नाही. लग्नाच्या शुभेच्छापत्रात, मंगलाष्टकात हा शब्द निःशंक घाला. कुणी "अपशकुनी नाही का?" म्हणालं, तर त्यांना हे सूक्त दाखवा.