जुन्या मित्रांसोबत कोल्हापूरला दोन दिवस : या चुका टाळा

कॉलेज सुटल्यावर पंधरा-वीस वर्षांनी मित्र एकत्र यायचे ठरवतात, तेव्हा गाव कोणतं हा प्रश्न खरं तर दुय्यम असतो. तरीही पुण्या-मुंबईच्या मंडळींना कोल्हापूर फार सोयीचं पडतं. पुण्याहून साधारण २३० किलोमीटर, मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, खाण्याची चंगळ आणि पायी फिरता येईल एवढं जुनं गाव. पण अशा सहली बिघडतात त्या गावामुळे नाही, बेत आखताना झालेल्या चुकांमुळे. त्यातल्या बऱ्याचशा घरूनच टाळता येतात.

सगळ्यांना जमेल ती तारीख शोधत बसणं

अशी तारीख नसतेच. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासरी कार्य, कुणाचं महिनाअखेरचं क्लोजिंग. ग्रुपवर मतदान सुरू झालं की दोन महिने त्यातच जातात आणि उत्साह मावळतो. त्यापेक्षा जे तिघं-चौघं नक्की येणार आहेत त्यांनी फोनवर बोलून तारीख पक्की करावी आणि मग ती ग्रुपवर टाकावी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं, त्यामुळे दोन महिन्यांपुढची तारीख धरा आणि बुकिंग उघडेल त्याच दिवशी तिकिटं काढा. शनिवार-रविवारची महालक्ष्मी लवकर भरते.

तारीख धरताना कोल्हापूरचंही पंचांग बघा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीचा भाग माणसांनी भरलेला असतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात. तो किरणोत्सव बघायचा असेल तर मुद्दाम तेव्हाच जा, नसेल तर त्या संध्याकाळी देवळाकडे फिरकू नका. श्रावणात गेलात तर निम्मा ग्रुप पांढऱ्या रश्श्याकडे नुसता बघत बसेल.

पैशाचं बोलणं टाळणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. कॉलेजात सगळ्यांचे खिसे सारखेच रिकामे होते, आता तसं नाही. एकाचं स्वतःचं हॉस्पिटल असतं, तर दुसऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली असते आणि त्याने ते कुणालाच सांगितलेलं नसतं. ग्रुपवर कुणी महागड्या हॉटेलची लिंक टाकली की असा मित्र ‘बघतो रे, जमवतो’ म्हणतो आणि दोन दिवस आधी गळतो. आपण समजतो, याला आता मित्रांची गरज उरली नाही.

उपाय साधा आहे. ज्याच्या हाती बेत आहे त्याने एकेकाला वेगळा फोन करावा आणि आकडा विचारावा. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याच्या आकड्यात बसेल असं हॉटेल घ्यावं. कोल्हापुरात हे अवघड नाही, स्टेशन रोड आणि ताराबाई पार्क भागात मध्यम दराची भरपूर हॉटेलं आहेत. मग सगळ्यांकडून आधीच सारखी काँट्री काढून एकाच्या खात्यात जमा करा आणि चहापासून रिक्षापर्यंत सगळं त्यातूनच होऊ द्या. ‘राहू दे रे, मी देतो’ हे दर वेळी एकच जण म्हणू लागला की बाकीचे अवघडतात. दारूचा खर्च मात्र वेगळा ठेवा. न पिणाऱ्याने तो का भरायचा?

खोल्या एकाच मजल्यावर मागा. त्यातली एक तरी सगळ्यांना मांडी घालून बसता येईल एवढी मोठी हवी, कारण रात्रीच्या गप्पा तिथेच रंगणार आहेत. घोरणाऱ्यांची सोय एकत्र करा आणि हे आधीच उघड बोलून टाका.

यादी मोठी करणं

अंबाबाई, न्यू पॅलेस, टाऊन हॉल म्युझियम, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, शिवाय खिद्रापूर आणि नरसोबाची वाडी. एवढं सगळं दोन दिवसांत उरकता येतं, पण सगळा वेळ गाडीत जातो आणि मागच्या सीटवरच्या माणसाशी धड बोलणंही होत नाही. दिवसाला एक मोठी गोष्ट पुरे.

पन्हाळा शहरापासून २० किलोमीटरवर. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. सकाळी लवकर जा. सज्जा कोठी, अंबरखाना आणि तीन दरवाजा एवढं सावकाश बघा. सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना १६६० च्या जुलैत, भर पावसात महाराज इथून विशाळगडाकडे निसटले. तो इतिहास तटावर बसून एकमेकांना सांगण्यात जी मजा आहे, ती दहा ठिकाणी फोटो काढण्यात नाही. गाडी वर गडापर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही घरी ठेवायचं कारण नाही. जोतिबाही त्याच बाजूला आहे, पण रविवार हा जोतिबाचा वार. तिकडे जायचं तर शनिवारी जा.

अंबाबाईला पहाटे जा. रविवारी अकरा वाजता रांगेत उभं राहिलात तर अर्धा दिवस तिथेच जाईल. रांग मोठी दिसली तर मुखदर्शन घ्या आणि हेमाडपंती देवळाचं कोरीव काम बाहेरून निवांत बघा. चारचाकी महाद्वार रोडला नेऊ नका, बिंदू चौकाच्या पार्किंगला लावून चालत जा.

सगळे सगळं खातात असं धरून चालणं

ग्रुपमध्ये शनिवार पाळणारा एक तरी निघतोच. आल्या आल्या शनिवारी दुपारी मटणाचा बेत धरला तर तो बिचारा दही-भाकरीवर भागवतो. आधी विचारा आणि तांबडा-पांढरा रविवारी ठेवा. मात्र रविवार हा कोल्हापूरकरांचाही मटणाचा वार आहे, खानावळीत बारालाच जाऊन बसा. शाकाहारी मित्राला एक सांगून ठेवा : पांढरा रस्सा दिसतो सौम्य, पण तो मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध घालून केलेला असतो. त्याच्यासाठी अख्खा मसूर आणि भाकरी आहे, आणि ती काही दुय्यम सोय नव्हे.

मिसळ सकाळचीच. आणि रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं असेल, तर ज्याला बाहेरचं कच्चं दूध सोसत नाही त्याने मोह टाळावा. एकाचं पोट बिघडलं की दुसऱ्या दिवशीचा बेत सगळ्यांचाच बिघडतो.

जुनी भांडणं, जुनी नावं

विशीत ज्या नावाने हाक मारली की तो हसायचा, ते नाव आज त्याला खुपत असेल. एकदा चेहरा उतरलेला दिसला की ते नाव तिथेच सोडा. कुणाचा घटस्फोट झाला असेल, कुणाचे वडील नुकते गेले असतील. सगळ्यांसमोर चौकशी करू नका. संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर किंवा सकाळी रंकाळ्याला चालताना दोघं-दोघं आपोआप मागे पडतात, तेव्हा माणूस स्वतःहून बोलतो. वेळापत्रकात असे रिकामे तास ठेवलेच पाहिजेत.

दोघांत वाजलंच, तर तिसऱ्याने न्यायाधीश होऊ नये. एकाला चहाला बाहेर न्यावं, बस.

परतीचा विचार न करणं

रविवारी भरपेट मटण खाऊन दुपारी गाडी चालवायला बसणं धोक्याचं आहे. चालवणाऱ्याने बेताने खावं आणि शेजारी बसणाऱ्याने झोपू नये. हायवेला ठिकठिकाणी कामं चालू असतात, खंबाटकीला आणि पुण्याच्या तोंडाशी रविवारी संध्याकाळी गाड्या हमखास तुंबतात. एक तर अकराला जेवणाचे डबे बांधून घेऊन निघा, नाहीतर रात्रीच्या महालक्ष्मीने परत या. रेल्वेने येणाऱ्यांना रविवारची अख्खी दुपार मोकळी मिळते. तेवढ्यात चपला घ्यायच्या असतील तर चामडं हाताने वाकवून बघा आणि घट्ट बसणारा जोड घ्या, कारण वापराने तो सैल होतो. पावसाळ्यात गेला असाल तर पिशवीतच ठेवा, भिजवू नका.