हेगमध्ये छोटा फ्लॅट घेताय? आधी मालकसंघाचे कागद मागा

नेदरलँड्समध्ये आपली मंडळी घर शोधायला लागली की पहिला प्रश्न असतो, ‘तिथे इंडियन किती आहेत?’ मग ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या, भारतीयांच्या आवडत्या ॲमस्टेलवीनच्या किमती ऐकतात आणि आणखी दोन वर्षं भाडं भरत बसतात. बजेट बेताचं असेल तर हेगमधल्या ट्रान्सव्हाल, लाकक्वार्टियर, मूरवाइक या वस्त्या बघा. ऑफिसातले लोक नाक मुरडतील. त्यातल्या निम्म्यांनी तिथे पाऊलही ठेवलेलं नसतं. तुम्ही मात्र शनिवारी रात्री एकदा आणि कचरा उचलायच्या दिवशी सकाळी एकदा चक्कर मारा. रस्ता कसा आहे ते घराच्या जाहिरातीत येत नाही.

पॉल क्रूगरलानवर सुरीनामी हिंदुस्तानी दुकानांत कारली, भेंडी, चवळीच्या शेंगा मिळतात. १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरीनामला नेलेल्या मजुरांचे हे वंशज. त्यांना ‘ते काही खरे इंडियन नाहीत’ म्हणणारे आपल्यातलेच महाभाग मला भेटलेत. अडीअडचणीला प्लंबरचा नंबर याच लोकांनी दिलाय, ऑफिसातल्या ग्रुपने नाही.

आता मुख्य गोष्ट. फ्लॅट घेतलात की इमारतीच्या मालकसंघाचे, म्हणजे व्हीव्हीईचे, तुम्ही आपोआप सभासद होता. आपल्या डोक्यात सोसायटी असते: सेक्रेटरी, वॉचमन, मेंटेनन्सची पावती. इथे चार घरांच्या जुन्या इमारतीत सेक्रेटरी बहुधा तुम्हीच होता. काही संघ तर फक्त कागदावर असतात. वर्षानुवर्षं बैठक नाही, खात्यात पैसे नाहीत.

१ जानेवारी २०१८ पासून कायदा आहे की संघाने दुरुस्ती निधीत दरवर्षी रक्कम टाकलीच पाहिजे: एकतर दीर्घकालीन देखभाल आराखड्याप्रमाणे, नाहीतर इमारत नव्याने बांधायला जो खर्च येईल त्याच्या किमान ०.५ टक्के. गणित करून बघा. चार सारख्या घरांची इमारत, पुनर्बांधणीचा खर्च १२ लाख युरो धरा. वर्षाला ६,००० युरो, म्हणजे प्रत्येक घरामागे महिन्याला १२५. शिवाय विमा वेगळा. मग जाहिरातीत ‘मासिक वर्गणी ४० युरो’ दिसली तर खूश व्हायचं की सावध व्हायचं, तुम्हीच ठरवा.

माझ्या ओळखीचं एक जोडपं खूश झालं. चार घरांच्या इमारतीतला वरचा मजला, वर्गणी ४०. पहिल्याच हिवाळ्यात सपाट छत गळायला लागलं. संघाच्या खात्यात जेमतेम विम्याच्या हप्त्यापुरते पैसे. तळमजल्याचा मालक घर भाड्याने देऊन दुसऱ्या शहरात, फोन उचलत नाही. दुसरा म्हणे, छत तुमच्या डोक्यावर, तुम्ही बघा. कायद्याने छत सगळ्यांचं, पण कायदा काही बादली धरायला येत नाही. शेवटी सगळे पैसे यांनीच भरले, आणि बाकीच्यांकडून वसुलीचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

म्हणून बोली लावण्याआधी मागा: गेल्या तीन बैठकींची इतिवृत्तं, ताळेबंद, देखभाल आराखडा, विम्याची पॉलिसी आणि इमारतीच्या विभागणीचा दस्त (कोणाचा हिस्सा किती ते त्यात असतं). एजंट ‘नंतर पाठवतो’ म्हणाला तर बोलीही नंतर लावा. तो विकणाऱ्याचा माणूस आहे, कितीही गोड बोलला तरी. इतिवृत्तात छत, बाल्कनी, गटार हे शब्द वर्षामागून वर्षं दिसले आणि निर्णय मात्र दिसला नाही, तर समजून जा. आधीच्या मालकाची चालू आणि मागच्या आर्थिक वर्षाची थकबाकी तुमच्या गळ्यात पडू शकते. खरेदीखत करणारा नोटरी हा आकडा संघाकडून लेखी मागवतो, तो तुम्ही स्वतः वाचा.

मूरवाइकसारख्या भागात दुसरा प्रकार भेटतो. इमारतीतली काही घरं गृहनिर्माण संस्थेने (आपली सोसायटी नव्हे, स्वस्त भाड्याची घरं बाळगणारी संस्था) विकलेली, बाकीची अजून तिच्याकडेच, भाड्याने दिलेली. संस्थेकडे मतं जास्त असली की बैठकीत तिचंच चालतं. मला तरी हा सौदा परवडतो: छत वेळेवर होतं, जिना झाडला जातो. फक्त वर्गणी वाढली तर आरडाओरडा करून उपयोग नाही.

पैशाचं थोडक्यात. कर्ज घराच्या मूल्यांकनाच्या १०० टक्क्यांपर्यंतच मिळतं. चढाओढीत वर लावलेली रक्कम, नोटरी, मूल्यांकन, २ टक्के हस्तांतरण कर हे खिशातून. पस्तिशीच्या आत असाल तर हा कर एकदा माफ होतो. २०२५ साठी त्याची मर्यादा ५,२५,००० युरोंपर्यंतच्या घराची होती, चालू वर्षाची विचारून घ्या. सही झालेला करार हातात आल्यावर तीन दिवस माघार घेता येते. कर्ज नाकारलं गेलं तर सुटका व्हावी ही अट करारात घालाच, ‘अट नसेल तर बोली जिंकते’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

जमीन शहराच्या मालकीची, भाडेपट्ट्यावर घेतलेली आहे का, आणि जुन्या घराचा पाया तपासलाय का, हेही विचारा.

घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघरातल्या छताच्या हवेच्या जाळीला टॉयलेट पेपरचा तुकडा लावून बघा. चिकटून राहिला तर हवा ओढली जाते. बऱ्याच इमारतींत ही वाहिनी सगळ्यांची सामाईक असते, तिला मोटरची चिमणी जोडता येत नाही. जोडलीत तर तुमच्या सुक्या बोंबलाचा वास वरच्या आजीच्या बाथरूममध्ये जाणार. तिथे फिल्टरवालीच चिमणी चालते आणि फोडणीपुढे ती हात टेकते. फरशीचंही तसंच. लॅमिनेट किंवा टाइल टाकायची तर खाली आवाज रोखणारा थर हवा, बरेच संघ १० डेसिबल मागतात. विभागणीच्या दस्तात आणि संघाच्या नियमांत ते असतं. कार्पेट उपटण्याआधी वाचा, नाहीतर खालचा शेजारी दारावर चिठ्ठी लावेल. डच चिठ्ठीत नमस्कार-चमत्कार नसतात, मनाला लावून घेऊ नका.

नोटरीकडे सहीच्या दिवशी डच कळत नसेल तर दुभाषी लागतो आणि त्याचे पैसे तुम्हालाच भरावे लागतात. तारीख ठरवतानाच विचारून ठेवा.