गाडी ऑईल खातेय? इंजिन उघडायला देण्याआधी हे करून बघा

मागच्या पावसाळ्यात आमची गाडी सर्व्हिसिंगला दिली, पेट्रोल हॅचबॅक, एक लाख चार हजार किलोमीटर झालेली, तर गॅरेजवाल्याने डिपस्टिक काढून माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, साहेब पट्टीला ऑईलच लागत नाहीये, इंजिन ऑईल खातंय, हाफ इंजिन (म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलणं) करावं लागेल. आकडा ऐकला आणि म्हटलं उद्या सांगतो. तो उद्या चार महिन्यांनी उजाडला, आणि त्या चार महिन्यांत मी जे काही केलं (त्यातलं थोडं फुकट गेलं, तेही सांगतो) ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक हिशोब डोक्यात ठेवा. थोडंफार ऑईल प्रत्येक इंजिन खातं, कारण पिस्टन वरखाली होताना बोअरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) भिंतीवर ऑईलचा पातळ थर लागतो आणि त्यातला काही जळतो. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये तर १००० किलोमीटरला जास्तीत जास्त १ लिटर अशी मर्यादा दिलेली असते! एवढं खाणारी गाडी मला स्वतःला चालणार नाही, पण समजा तुमची गाडी १००० किलोमीटरला फक्त १०० मिली खाते, म्हणजे तब्येत ठणठणीत, तरी १० हजारांच्या सर्व्हिसपर्यंत १ लिटर गेलं, आणि छोट्या पेट्रोल इंजिनात मुळात बसतं तीन-साडेतीन लिटर. मधल्या काळात बॉनेट कुणी उघडलंच नाही तर पट्टी कोरडी निघणारच. त्यामुळे "पट्टीला ऑईल नाही" एवढ्यावरून इंजिन गेलं असं होत नाही. किती किलोमीटरमध्ये किती गेलं हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर गॅरेजवाल्याकडे नसतं, ते तुम्हालाच काढावं लागतं.

पायरी १: डिपस्टिक नीट बघा

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वर गेलेलं ऑईल खाली चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीत) उतरतं. पट्टी काढा, जुन्या बनियनने स्वच्छ पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा, आणि आता वाचा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते वाचायचं नाही, सगळीकडे माखलेलं असतं. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण १ लिटर असतं, छोट्या इंजिनात कमी, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

माझी गंमत अशी झाली की आमच्या सोसायटीचं पार्किंग गटाराच्या बाजूला उताराचं आहे, नुसत्या डोळ्यांना कळत नाही, बादली सांडली तेव्हा कळलं. नाक गटाराकडे करून लावली की एक रीडिंग, उलटी लावली की दुसरं. महिनाभर मी "आज वाढलं कसं" म्हणून डोकं खाजवत होतो. शेवटी रोज एकाच जागी, एकाच तोंडाने गाडी लावायची आणि सकाळी इंजिन चालू करायच्या आधी बघायचं असं ठरवलं, तेव्हा आकडे जुळायला लागले.

वरच्या खुणेच्या वर भरू नका. जास्त ऑईल क्रँकशाफ्ट ढवळतो, फेस होतो, फेसाने प्रेशर नीट मिळत नाही आणि सीलवर ताण येतो तो वेगळाच.

आणि डॅशबोर्डवरचा लाल ऑईलचा दिवा. बहुतेक गाड्यांत तो लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो. तो लागला म्हणजे "जरा ऑईल बघायला हवं" असं नाही, गाडी बाजूला घेऊन त्या क्षणी इंजिन बंद.

पायरी २: वजनकाट्यावर मोजा

हे मला सगळ्यात कामाला आलं. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरा, किलोमीटर लिहून ठेवा, १००० किलोमीटर चालवा, मग परत त्याच जागी सकाळी पट्टी बघा आणि वरच्या खुणेपर्यंत टॉपअप करा. फक्त टॉपअप करायच्या आधी कॅन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि नंतर परत ठेवा. इंजिन ऑईल १ लिटर म्हणजे साधारण ८५० ग्रॅम, म्हणून जेवढे ग्रॅम कमी झाले त्याला ०.८५ ने भागा की मिली मिळाले. बायकोचा केकचा काटा मी वापरला, खाली पेपर टाकून, तरी व्हायचं ते झालंच, आता माझा वेगळा काटा आहे.

माझा पहिला आकडा आला ३१० ग्रॅम, म्हणजे साधारण ३६५ मिली. दुसऱ्या हजाराला ३३० ग्रॅम. म्हणजे खातेय हे खरं, पण गॅरेजवाल्याचा तोंडावरचा भाव होता तेवढं नाही. एका रीडिंगवर जाऊ नका, निदान दोन हजार किलोमीटर बघा. नवीन गाडी किंवा नुकतं बांधलेलं इंजिन असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगा बसेपर्यंत सुरुवातीला जास्त खातं, त्याने घाबरू नका.

पायरी ३: गळतंय की जळतंय

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. पावसाळ्यात हे विशेष, कारण ओल्या फरशीवर ऑईलचे डाग दिसतच नाहीत. पाण्याचे थेंब असतील तर ते एसीचं पाणी, सोडून द्या, हिरवं किंवा गुलाबी चिकट असेल तर कूलंट.

पुठ्ठा कोरडा म्हणजे गळत नाही असं मात्र नाही. आजकाल खालून प्लॅस्टिकचं कव्हर असतं, त्यात ऑईल साचून राहतं, आणि काही गळती इंजिन गरम असताना प्रेशर आल्यावरच होते. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, फिल्टर, चेंबरचा ड्रेन नट आणि त्याचा वॉशर (प्रत्येक वेळी नवीन घालायचा, कुणी घालत नाही), चेंबर, आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँकचं ऑईल सील, या जागा बघा. चेंबर तर आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांनी किती फोडलेत त्याची गणतीच नाही. इंजिन आधीच माखलेलं असेल तर डिग्रीझरने धुऊन घ्या, वाळल्यावर संशय असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरवा आणि वीस-तीस किलोमीटर फिरून या, पावडर जिथे ओली तिथे गळती.

पायरी ४: धूर कधी येतो ते बघा

निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त, पांढरा आणि विरून न जाणारा म्हणजे कूलंट आत जातंय. पण रंगापेक्षा वेळ महत्त्वाची. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एकच निळा फुस्कारा आणि मग बंद, हे व्हॉल्व्ह सीलचं लक्षण (आपल्याकडे गॅरेजात वॉलसील म्हणतात), रात्रीतून ऑईल दांड्यावरून खाली ठिबकलेलं असतं. घाट उतरताना बराच वेळ गिअरमध्ये पाय सोडून आलात आणि खाली येऊन परत रेस दिल्यावर मागे ढग, हेही बहुतेक तेच. आणि चढावर, जोरात रेस दिल्यावर सतत धूर येत असेल तर रिंगांकडे बोट जातं. स्वतःला आरशात नीट दिसत नाही, कुणाला तरी मागच्या गाडीत बसवा. मी मेव्हण्याला बसवलं होतं, कसारा उतरल्यावर त्याचा फोन, "दाजी, आता सोडलं बघा तिने."

धूर दिसत नाही म्हणून जळत नाही असंही समजू नका, थोडं ऑईल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाईपातला धूर साफ करणारा भाग) गिळून टाकतो. तो फुकट गिळत नाही, ऑईलमधल्या फॉस्फरसने तो हळूहळू निकामी होतो. पीयूसी पास झाली यावरही जाऊ नका.

पायरी ५: स्वस्त गोष्ट आधी

पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर न सोडता परत इनटेकमध्ये (हवा आत घ्यायच्या वाटेत) ओढून घ्यायची ही छोटी झडप, ती उघडी अडकली की गॅसबरोबर ऑईलही ओढलं जातं, बंद अडकली की पोटात प्रेशर वाढून सीलमधून ऑईल बाहेर. बऱ्याच गाड्यांत काढून कानाजवळ हलवली तर आत खडखड वाजायला हवी. मी नवीन घातली, पुढचे हजार किलोमीटर आशेने चालवली, काटा म्हणाला ३२० ग्रॅम. काही फरक नाही. तरी तुम्ही आधी हीच बघा, निदान पैशाने मारत नाही.

सोबत एक चाचणी: इंजिन गरम, आयडलवर, ऑईल भरायचं झाकण जपून सैल करा. भपकभपक धूर जोरात बाहेर येत असेल तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, रिंगांमधून गॅस खाली जातोय.

पायरी ६: प्लग आणि कॉम्प्रेशन

सगळे स्पार्क प्लग काढून क्रमाने कागदावर ठेवा. एखादाच काळा ओला तेलकट निघाला तर त्या सिलिंडरचा प्रश्न. पण प्लगच्या विहिरीत वर ऑईल साचलं असेल तर ते जळणं नव्हे, टॅपेट कव्हरखालच्या ट्यूबचं सील गेलंय, स्वस्तातलं काम.

मग कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या आणि आकडे लिहून मागा. एखाद्या सिलिंडरचं कमी असेल तर त्यात चमचाभर ऑईल टाकून परत बघतात, वाढलं तर रिंग-बोअर, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. डिझेलमध्ये हा चमच्याचा प्रयोग करू देऊ नका.

यात एक खाच आहे. कॉम्प्रेशन छान येतं आणि गाडी तरी ऑईल खाते, असं होतं. कारण वरच्या दोन रिंगा दाब धरतात आणि सगळ्यात खालची ऑईल खरवडायची असते, तिच्या मागची भोकं कार्बनने बुजली की ती काम करत नाही पण कॉम्प्रेशनला काही होत नाही. टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाचं प्रकरण याच जातीचं होतं. अमेरिकेत २००७ ते २००९ च्या कॅमरीसारख्या गाड्यांना कंपनीने वॉरंटी वाढवून दिली आणि १२०० मैलांत, म्हणजे जवळपास १९३० किलोमीटरमध्ये, एक क्वार्ट (लिटरला थोडं कमी) ऑईल गेलं तर पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. बघा, तिथेही आधी मोजलंच.

टर्बो असेल तर

टर्बोचं सील गेलं की ऑईल इंटरकूलरच्या पाईपात जातं. पाईप काढल्यावर पुसटसा थर दिसला तर ठीक, ओंजळभर ओतलं गेलं तर नाही. डिझेलमध्ये हे वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल इंधन म्हणून जाळायला लागतं, रेस आपोआप चढत जाते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बॉनेट उघडून वाकून बघायला जाऊ नका.

बीएस६ डिझेलवाल्यांना उलटाच अनुभव येतो, लेव्हल वाढते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं आणि फक्त शहरात छोट्या फेऱ्या असतील तर त्यातलं थोडं ऑईलमध्ये मिसळतं. "माझी गाडी ऑईल खातच नाही" म्हणून खूश होऊ नका, वास घेऊन बघा.

पायरी ७: आता ठरवा

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काहीही उघडू नका. सर्व्हिस सेंटरला ऑईल कन्झम्प्शन टेस्ट करायला सांगा आणि जॉबकार्डवर तसं लिहून घ्या, ते ऑईल भरून ड्रेन नट, फिल्टर सील करतात आणि ठरलेल्या किलोमीटरनंतर बोलावतात. तुमची वही, फोटो, बिलं सोबत. "एवढं नॉर्मल आहे" म्हणून वाटेला लावलं तर कंपनीची मर्यादा लेखी मागा, आणि ऐकतच नसतील तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

वॉरंटी संपलीय आणि हजाराला दोन-तीनशे मिली जातंय, धूर नाही, तर सरळ टॉपअप करत चालवा, मी तरी तेच सांगेन. जाड ऑईल टाकायचा सल्ला सगळे देतात. मॅन्युअलमधल्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० (हे ऑईलच्या जाडीचे ग्रेड, आकडा मोठा तेवढं जाड) चालतं असं लिहिलं असेल तर जरूर टाका, पण ०डब्ल्यू-२० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतू नका, त्यातल्या वाटा तेवढ्या जाड ऑईलसाठी नसतात. बाटलीतली "ऑईल स्टॉप" औषधं कडक झालेली सीलं जरा मऊ करतात, झिजलेल्या रिंगांचं काही करत नाहीत. आणि जुन्या, आत गाळ साचलेल्या इंजिनात फ्लश (आतून धुवायचं औषध) मारताना दहा वेळा विचार करा, सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीत अडकला तर पंपाला ऑईलच मिळणार नाही.

व्हॉल्व्ह सील निघालं तर बऱ्याच इंजिनांत हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवता काम होतं, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात. हे येणारा मेकॅनिक शोधा, "हेड उतरवल्याशिवाय होतच नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतील. रिंगाच गेल्या असतील तर मग हाफ इंजिन, पण नुसत्या रिंगा टाकून देऊ नका, बोअर मोजून घ्या, किती झिजलाय त्यावर होनिंग (बोअरची भिंत हलकी घासणं) पुरेल की बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन लागेल ते ठरतं. जुने पार्ट परत मागा.

आमचं वॉलसीलच निघालं, सकाळच्या फुस्काऱ्यावरून आणि मेव्हण्याच्या फोनवरून अंदाज होताच. हेड न उतरवता एका दिवसात झालं. जुनी सीलं हातात घेतली तर नखाने दाबली जात नव्हती, रबराची म्हणे, बटणासारखी टणक.

काढलेलं जुनं ऑईल गटारात ओतू नका, तो कायद्याने घातक कचरा आहे, बंद कॅनमध्ये भरून जिथे अधिकृत रिसायकलरकडे जातं अशा सर्व्हिस सेंटरला द्या. आणि डिकीत त्याच ग्रेडचा अर्धा लिटर कॅन, एक नरसाळं आणि एक जुनं बनियन कायम असू द्या. वही माझी ग्लोव्हबॉक्समध्ये असते, शेवटची नोंद १,०९,२०० किलोमीटरची, ८० ग्रॅम.