तांब्या-पितळेचं दुकान फोनवर मांडताना

गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी भांडं उचलून बघतं. मग उलटं करून बूड तपासतं, टिचकी मारून नाद ऐकतं आणि शेवटी काट्याकडे बोट दाखवतं. नाशिकच्या भांडी बाजारात सासरच्या गल्ल्यावर बसायला लागल्यापासून मी हेच बघत आलेय. इन्स्टाग्रामवर, पिंटरेस्टवर यातलं काहीच करता येत नाही. म्हणून तिथे माल खपवायचा तर ही चारही कामं फोटोने करायची. पैठणी, बेदाणे किंवा चिवडा विकणाऱ्यांनी आपलं गिऱ्हाईक दुकानात हाताने काय काय करतं ते आठवावं आणि तेच फोटोत आणावं.

इन्स्टाग्रामचं खातं उघडणं सोपं आहे, त्यात फार वेळ घालवू नका. सेटिंगमध्ये जाऊन ते व्यावसायिक करून घ्या, पैसे लागत नाहीत. पोस्ट किती जणांनी पाहिली, ते कुठल्या गावचे, हे त्यामुळे कळतं. नावाच्या रकान्यात दुकानाच्या नावापुढे ‘तांब्या-पितळेची भांडी, नाशिक’ असंही घाला, म्हणजे शोधणाऱ्याला सापडाल. परिचयात सुविचार नको. काय विकता, दुकान कुठे, कधी उघडं असतं, कुरिअरने पाठवता का, एवढं पुरे. खाली व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगची लिंक द्या.

आता फोटो. खरी मेहनत इथेच आहे.

भांडं चिंच-मिठाने घासून, धुऊन, लगेच कोरडं पुसा. पाणी राहिलं तर डाग पडतात आणि फोटोत ते डोळ्यात खुपतात. पुसल्यावर उघड्या बोटांनी धरू नका, सुती फडक्याने उचला. दुसरी अडचण चकाकीची. घासलेल्या पितळेत अख्खं दुकान दिसतं: ट्यूबलाइट, भिंतीवरचं कॅलेंडर आणि फोन धरून वाकलेल्या आपण. यावर महागडा कॅमेरा हा इलाज नाही. सकाळी ऊन थेट पडत नाही अशा जागी, दाराच्या सावलीत भांडं ठेवा आणि दोन्ही बाजूंना पांढरं कापड आडवं धरा. आमच्याकडे त्यासाठी आप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी धोतरं राखून ठेवलीत. स्वतः साधा, एकरंगी कपडा घाला. लाल-हिरव्या चौकटीची साडी घागरीच्या पोटावर हुबेहूब उमटते.

घरातला पिवळा दिवा बंद करा. त्या उजेडात तांबं आणि पितळ एकाच रंगाचं दिसतं, मग पार्सल उघडल्यावर भांडण. फोनच्या पडद्यावर भांड्याच्या सगळ्यात उजळ जागी बोट टेकवा आणि उजेड थोडा खाली ओढा, चकाकीचा पांढरा डाग कमी होतो. फिल्टर लावूच नका. मागे काय ठेवायचं? जुन्या नाशकात काळ्या दगडाच्या पायऱ्यांना तोटा नाही. तांब्याचा तांबूस रंग त्या दगडावर जसा उठतो तसा कुठल्याच छापील पडद्यावर उठत नाही. पण पायरी दुसऱ्याच्या वाड्याची असेल तर आधी विचारा.

एका पोस्टमध्ये अनेक फोटो जातात, ती सोय वापरा. माझा क्रम ठरलेला आहे. पहिला अख्ख्या भांड्याचा, उभा, चारास पाच मापाचा, कारण उभा फोटो पडद्यावर जास्त जागा घेतो. दुसरा हातात धरलेला. ‘मध्यम आकार’ लिहून काहीच कळत नाही, बांगड्या घातलेल्या हातातलं ताम्हण दिसलं की माप आपोआप समजतं. तिसरा उलटं करून बुडाचा, आणि कल्हई असेल तर आतल्या बाजूचाही. चौथा काट्यावर, आकडा वाचता येईल असा. शेवटचा वापरातला: समई असेल तर पेटवलेली, ताम्हण असेल तर पळी-पंचपात्रीसह. टिचकीचा नाद फोटोत येत नाही, त्यासाठी लहानसा व्हिडिओ जोडा.

‘किमतीसाठी मेसेज करा’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. धातूचा भाव हलतो म्हणून किंमत लिहीत नाही, असं आमच्या बाजारातले बरेच जण म्हणतात. मग वजन लिहा, त्या दिवशीची किंमत लिहा आणि पुढे तारीख टाका. भाव वाढला तर गिऱ्हाईक समजून घेतं, लपवाछपवी मात्र त्याला आवडत नाही. मजकूर असा असावा: ‘तांब्याचं ताम्हण, ठोक्याचं. रुंदी 6 इंच, वजन 150 ग्रॅम. पळी-पंचपात्री वेगळी मिळेल. चिंचेने घासून कोरडं पुसावं. कुरिअरचा खर्च वेगळा.’ हाच मजकूर रोमन लिपीतही खाली घाला, शोधणारे बरेच जण मराठी शब्द तसेच टाइप करतात. हॅशटॅग चार-पाच नेमके पुरेत. तांब्यातलं पाणी प्यायल्याने अमुक आजार बरा होतो, असलं काही लिहू नका. आपण भांडी विकतो.

रीलसाठी आमच्या धंद्याइतका दृश्य धंदा क्वचितच असेल. कल्हईवाले दादा भांडं तापवतात, नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर उठतो आणि कथिल लावून कापसाचा बोळा फिरवला की काळपट आतला भाग चांदीसारखा उजळतो. शेवटची चकाकी आधी एक क्षण दाखवा, मग काळं भांडं, मग काम. लोक थांबून बघतात. सिनेमाचं गाणं लावायच्या मागे लागू नका: व्यावसायिक खात्यांना गाजलेली बरीच गाणी वापरता येत नाहीत, आणि तांबट गल्लीतल्या हातोड्याचा ठोका हाच मुळात चांगला आवाज आहे. कारागिराला विचारून शूटिंग करा, तो म्हणेल तर त्याचं नाव लिहा. खाली एक सूचना टाका: कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये, कथिल 232 अंश सेल्सिअसला वितळतं. असल्या कामाच्या गोष्टी लोक सेव्ह करून ठेवतात. मी लाइक बघतच नाही, सेव्ह आणि शेअर बघते. लाइक देणारी निम्मी तर आमची नातेवाईक मंडळी.

पिंटरेस्टकडे आपले लोक दुर्लक्ष करतात. तिथे कोणी गप्पा मारायला येत नाही. नवीन फ्लॅटचं देवघर कसं सजवायचं, रुखवतात काय मांडायचं, असं शोधत येतात. इन्स्टाग्रामची पोस्ट काही दिवसांत मागे पडते, पण पिंटरेस्टवर टाकलेला फोटो कित्येक महिन्यांनी कुणाला तरी सापडतो. दोनास तीन मापाचा उभा फोटो घ्या, ‘देवघर’, ‘रुखवत’, ‘दिवाळी’ असे वेगळे बोर्ड, म्हणजे फोटोंचे गट, करा आणि प्रत्येक फोटोला कॅटलॉगची लिंक द्या. भांडं एकटं ठेवू नका, ते घरात कुठे शोभेल ते दाखवा. फुलं तरंगणारं घंगाळ कोपऱ्यात ठेवलं की शहरातल्या मुली लगेच विचारतात, मग आंघोळीला ते कोण वापरतंय!

सणाचा माल सणाच्या आठवड्यात टाकणं म्हणजे उशीर. धनत्रयोदशीचे फोटो गणपती उठल्यावर लगेच सुरू करा. 2027 चा सिंहस्थ तर आपल्या दारातच आहे. रामकुंडावरून गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी न्यायला लागणाऱ्या लहान गडूंचे फोटो आत्ताच काढून ठेवा आणि प्रत्येक पोस्टला नाशिकचं लोकेशन लावा. यात्रेकरू निघण्याआधीच फोनवर शोधत असतो.

दुसऱ्याचे फोटो उचलू नका, घाऊक व्यापाऱ्याने पाठवलेलेही नकोत, तेच शंभर दुकानांत फिरत असतात. गिऱ्हाइकाने घरचा फोटो पाठवला तर विचारूनच लावा. कुणाला फुकट भांडं देऊन व्हिडिओ करून घेतलात तर ती जाहिरात आहे हे त्यात स्पष्ट दिसू द्या. तसा नियम जाहिरात मानक परिषदेने (ASCI) 2021 मध्येच केला आहे. पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायची (बूस्ट करायची) असेल तर जी आपसूक चालली तीच दाखवा, आणि अंतर नाशिक-मुंबई-पुण्याच्या पुढे नेऊ नका. वजनदार पितळेचा कुरिअर खर्च लांब पाठवताना सगळा नफा खातो.

मेसेजना उत्तर त्याच दिवशी द्या. वजन, कल्हई, कुरिअर हेच प्रश्न परत परत येतात, त्यांची उत्तरं ‘सेव्ह केलेल्या उत्तरांत’ ठेवा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला तरी बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पार्सल बांधू नका. ‘कॉपीराइटची तक्रार आहे, खातं बंद होईल, इथे दाबा’ अशा मेसेजमधली लिंक उघडू नका. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करा आणि तिचे राखीव कोड कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा. फोन हरवला तर तेच उपयोगी पडतात.