आमवात किती जोराचा आहे, हे सुरुवातीलाच कसं ओळखायचं

हजार प्रौढांमागे साधारण 5 ते 7 जणांना आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे तिप्पट. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये 1996 साली घरोघरी पाहणी सुरू झाली, तिथेही प्रमाण हजारी 5 च्या आसपास निघालं. त्यामुळे ‘सोलापूरच्या उन्हात कसला आमवात’ हा समज सोडून द्या.

इथे निदान लांबतं ते बहुतेक कामामुळे. विडी वळणाऱ्या बाईची बोटं दुखली की ‘कामाचंच दुखणं’ म्हणून वर्ष निघून जातं. फरक असा: कामाचं दुखणं कामानंतर वाढतं आणि विश्रांतीने उतरतं. आमवाताची बोटं सकाळी आखडलेली असतात, तासभर तरी मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, आणि हालचालीने मोकळी होतात. सूज बोटांच्या मुळाशी आणि मधल्या सांध्यांवर येते. नखाजवळचे सांधे सहसा यातून वाचतात. बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. कळ आली आणि त्रास 6 आठवड्यांपेक्षा जुना असेल, तर सिव्हिलची मेडिसिन ओपीडी किंवा संधिवाततज्ज्ञ गाठा. चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण त्यानंतरही सांधे महिनोन्महिने असेच दुखतात.

तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज किती ते सांगणाऱ्या), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवाताच्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडींच्या), आणि हातांबरोबर पायांचाही एक्स-रे. पाय विसरू नका. हाडाची पहिली झीज पुष्कळदा पायाच्या करंगळीच्या मुळाशी दिसते. एएसओ या घशाच्या जंतुसंसर्गाच्या रक्ततपासणीवरून आमवात ठरत नाही. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही, असंही नाही.

जोर मोजायला 28 सांधे बघतात: खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे मिळून 8, आणि दोन्ही हातांच्या बोटांचे 20. दुखरे किती, सुजलेले किती, ईएसआर किती आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतं, यावरून डीएएस-28, म्हणजे आजाराचा जोर सांगणारा आकडा, निघतो. 2.6 च्या खाली आजार शांत, 5.1 च्या वर जोरात. अँटी-सीसीपी नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, सुजलेले सांधे पुष्कळ, एक्स-रेत आधीच झीज आणि जोडीला बिडी-सिगारेट, हे एकत्र आलं की आजार आक्रमक धरावा. उपचार नसतील तर अशा अनेकांची हाडं पहिल्या 2 वर्षांतच झिजू लागतात, आणि गेलेलं हाड परत येत नाही.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. गोळ्या डॉक्टरांनी लिहिल्या तेवढ्याच. सगळ्यात घातक चूक इथेच होते: रोजची गोळी समजून घेतली, तर रक्तपेशी झपाट्याने घटतात, तोंडात फोड येतात, जीवही जातो. वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि घरच्यांना सांगून ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड हे दुष्परिणाम कमी करणारं जीवनसत्त्व सांगितलेल्या दिवशी. सुरुवातीला दर 2 ते 4 आठवड्यांनी सीबीसी, एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). दारू बंद. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. याच काळात लोक कंटाळून ‘गुणकारी पुड्या’ घेतात. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं: दुखणं दोन दिवसांत पळतं, हाड मात्र आतून झिजत राहतं, आणि साखर, बीपी वाढतं. 3 महिन्यांत स्पष्ट फरक नसेल किंवा 6 महिन्यांत आजार शांत झाला नसेल, तर तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा घेऊ नका. औषध वाढवायचं की बदलायचं, हे डॉक्टरांना थेट विचारा.