मूल तीन वर्षांखालील असेल तर: अमेरिकेत नव्याने आलेल्या पालकांसाठी

अमेरिकेत आल्यावर घर, बँक आणि गाडी चालवण्याचा परवाना यांविषयी सांगणारे पुष्कळ जण भेटतात. परंतु लहानग्याच्या बोलण्याविषयी, चालण्याविषयी किंवा नजरेला नजर देण्याविषयी शंका आली तर कोणाकडे जावे, हे सहसा कोणी सांगत नाही. तीन वर्षांखालील मुलांसाठी येथे ‘अर्ली इंटरव्हेन्शन’, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना वेळीच मदत देणारी व्यवस्था आहे. तिची तरतूद संघराज्याच्या कायद्यात १९८६ मध्ये झाली आणि प्रत्येक राज्य ती आपापल्या पद्धतीने चालवते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट न पाहता पालक स्वतः फोन करू शकतात. तपासणीला पैसे पडत नाहीत आणि व्हिसाचा प्रकार आड येत नाही. नाव नोंदवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी होऊन, मूल पात्र ठरल्यास, कुटुंबासोबत मदतीच्या आराखड्याची पहिली बैठक व्हावी, असा नियम आहे. पुढील उपचारांसाठी मात्र काही राज्ये उत्पन्नानुसार शुल्क घेतात.

थेरपिस्ट मुलाला आतल्या खोलीत नेऊन ‘बरे करून’ परत देतील, ही अपेक्षा ठेवू नये. स्पीच थेरपिस्ट बहुधा घरीच येतात, जमिनीवर मुलाशेजारी बसतात, त्याचा आवडता चेंडू दिसेल पण हाती लागणार नाही अशा जागी ठेवतात आणि थांबतात. मुलाने बोट दाखवले किंवा नुसता ‘अं’ केला, की लगेच ‘चेंडू हवा?’ असे म्हणून तो द्यायचा. आणि हे थांबणे आईबाबांना शिकवणे, हेच त्यांचे खरे काम असते. थेरपिस्ट आठवड्यातून तासभर येणार, उरलेले सगळे तास तुमचे आहेत. म्हणून त्या आल्या की स्वयंपाकघरात न जाता शेजारी बसावे. हाताची पकड, भरवणे, कपड्यांचा किंवा आवाजांचा त्रास यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात, तर बसणे-चालणे फिजिओथेरपिस्ट पाहतात. बोलण्याची शंका असल्यास श्रवणतपासणी आधी करून घ्यावी.

‘घरी फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. दोन भाषांमुळे बोलणे खुंटत नाही, आणि मुलाचे शब्द मोजताना मराठी व इंग्रजी दोन्ही धरायचे असतात. पहिल्याच फोनवर मराठी दुभाषी मागावा, आणि तो मराठीच हवा हे स्पष्ट सांगावे, नाहीतर भारतीय म्हणून हिंदीचा दुभाषी येण्याची शक्यता असते.

‘त्याचा बाबाही उशिराच बोलला होता’ हे आजीचे म्हणणे खरे असू शकेल, तरी तपासणी लांबवू नये, कारण तिसऱ्या वाढदिवसाला ही व्यवस्था सहसा संपते आणि जबाबदारी शाळांच्या स्थानिक विभागाकडे जाते. त्या बदलाची बैठक वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी व्हायला हवी. ठरली नसेल तर आपणच विचारावे. पात्रतेचे निकष राज्याराज्यांत वेगळे असल्यामुळे नोकरीनिमित्त राज्य बदलणाऱ्यांनी सर्व अहवालांच्या प्रती निघण्यापूर्वी मागून घ्याव्यात.