हिवाळ्यात छताच्या भेगा सकाळीच तपासाव्यात

खान्देशात छताची डागडुजी मे महिन्यात करण्याची रीत असली, तरी धुळे-जळगावकडे हिवाळ्यात दुपारचे ऊन आणि पहाटेचा गारठा यांत मोठी तफावत असल्याने स्लॅब रोज प्रसरण व आकुंचन पावतो आणि केसासारख्या बारीक भेगा हळूहळू रुंदावतात. थंडीने काँक्रीट आकसलेले असताना या भेगा सर्वाधिक उघड्या असतात. म्हणून त्या सकाळी लवकर शोधून खडूने खुणा कराव्यात आणि दव पूर्ण वाळल्यावर, साधारण १० नंतर, भरावयास घ्याव्यात. गवंडी बहुधा सिमेंटचा घोळ ओततो, परंतु हलत्या भेगेत तो टिकत नाही. तेथे रबरासारखे ताणले जाणारे सीलंटच वापरावे. पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, जेथे स्लॅबला टेकतो, तो कोपरा विशेष बारकाईने पाहावा.

पत्र्याच्या छतावर बोल्टखालील रबरी वॉशर कडक होऊन तडकले असल्यास ते बदलावेत, अन्यथा अवकाळी पावसाचे पाणी तेथूनच आत शिरते.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांवर उंदरांची बिळे व मातीच्या भेगा खारी माती दाबून बुजवाव्यात आणि पन्हाळ मोकळे ठेवावे. कपाशी उपटल्यावर पऱ्हाट्या धाब्यावर रचण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्यांच्याखाली ओल दडून राहते आणि उंदरांना आयताच निवारा मिळतो.